बिनतांडेलाची होडी : यंत्राच्या डोळ्याला आपली खाडी कोण दाखवणार?

संगमेश्वरचा व्यापार एके काळी पाण्यावरून चालत असे. भरतीच्या पाण्याबरोबर मचवे आणि पडाव जयगडच्या खाडीतून शास्त्री नदीत आत शिरत, माल उतरवत, माल भरत आणि ओहोटीबरोबर परत जात. पुढे नदीत गाळ साचत गेला आणि मोठ्या होड्यांना वरपर्यंत येणे जमेना. मग रस्ते झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि बाजारपेठ पाण्याची वाट विसरून गेली.

कायदा मात्र ती वाट विसरलेला नाही. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातील १११ जलमार्गांची यादी आहे. तीत ९१ व्या क्रमांकावर ‘शास्त्री नदी-जयगड खाडी’ आहे. संगमेश्वरपासून जयगडला नदी समुद्रास मिळते तेथपर्यंत, सुमारे ५२ किलोमीटर. यादीत नाव आले म्हणजे लगेच माल पाण्यावरून येऊ लागतो असे नाही. पण नाव आले आहे, आणि त्याच काळात होडी चालवण्याचे शास्त्रच बदलू लागले आहे. म्हणून व्यापारी बांधवांनी हा विषय आताच समजून घेणे आवश्यक आहे.

ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस ‘मातंगी’ नावाची नौका मुंबईहून तुतिकोरिनकडे निघाली. अंतर सुमारे १५०० किलोमीटर. वैशिष्ट्य असे की ती माणसाने सुकाणू न धरता स्वतःचा मार्ग स्वतः काढणारी नौका आहे. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी दिल्लीतून तिला निरोप दिला. नौका बनवणारी कंपनी कोणत्या परदेशातील नव्हे, आपल्या पुण्याची आहे : सागर डिफेन्स इंजिनिअरिंग. जी विद्या काल नॉर्वे-जपानच्या बातम्यांत होती ती आज कोकणच्या किनाऱ्यासमोरून जाऊ लागली आहे.

आता प्रश्न साधा आहे. तांडेल नसलेल्या होडीला समोरचे दिसते कसे? आणि आपल्या भोयाची, खारव्याची किंवा दालदी भावाची लाकडी होडी तिच्या वाटेत आली तर ती तिला दिसेल काय?

रडार असताना कॅमेरा कशाला?

पुष्कळांना वाटते की जहाजावर रडार असते, मग अडचण काय? रडार लोखंडी जहाज आणि किनारा चांगला दाखवते. पण लाकूड आणि फायबर यांवरून रडारच्या लहरी फार कमी परततात. पाण्यालगत बसलेली लहान होडी लाटांच्या गर्दीत हरवून जाते. मोठी जहाजे एआयएस नावाच्या यंत्राने आपले नाव, जागा आणि वेग आपण होऊन कळवतात. दोन माणसांच्या होडीवर असले यंत्र कोठून असणार? तरंगत आलेला ओंडका तर काहीच कळवत नाही.

म्हणून कॅमेरा लागतो. माणसाच्या डोळ्याला जे दिसते ते कॅमेऱ्याला दिसू शकते, आणि तो रडारच्या मानाने स्वस्त असतो. जपानमध्ये जानेवारी २०२२ मध्ये ‘सोलेइल’ नावाची २२२ मीटर लांबीची फेरीबोट सुमारे २४० किलोमीटर स्वयंचलित पद्धतीने चालवून पाहण्यात आली. अंधारातही दुसरी जहाजे ओळखता यावीत म्हणून तिच्यावर उष्णता टिपणारे कॅमेरे बसवले होते. त्याच वर्षी ‘मेफ्लॉवर’ ही १५ मीटरची माणूस नसलेली नौका अटलांटिक महासागर ओलांडून पलीकडे गेली. तिच्यावर सहा कॅमेरे होते. २०२१ चा तिचा पहिला प्रयत्न यांत्रिक बिघाडामुळे अर्ध्यावर सोडावा लागला होता.

हे काम कापडवाल्याला समजेल

आम्हा कापडवाल्यांना ही गोष्ट समजायला अवघड नाही. तागा आला की तो उजेडाच्या टेबलावरून सोडून पाहतात. सरळ विणीत कोठे तुटलेला धागा, कोठे गाठ, कोठे तेलाचा डाग, ते नजर हेरते. निर्यातीच्या मालात तर दोषाची लांबी मोजून गुण देतात. ३ इंचांपर्यंत १ गुण, ६ इंचांपर्यंत २, ९ इंचांपर्यंत ३ आणि त्यापुढे ४. मोठ्या गिरण्यांत १९९० च्या दशकापासून हे काम कॅमेऱ्याकडूनही करून घेतले जाऊ लागले. कॅमेऱ्याला आधी निर्दोष वीण कशी दिसते ते शिकवतात. मग विणीत न बसणारे जे काही दिसेल त्यावर तो खूण करतो.

होडीचा कॅमेराही हेच करतो. त्याचा तागा म्हणजे पाणी. चित्रातील प्रत्येक लहान ठिपका तो तीन ढिगांत टाकतो : हे पाणी, हे आकाश आणि हे दोन्हींपैकी नसलेले काहीतरी. हा तिसरा ढीग म्हणजे अडथळा. ती होडी आहे, खांब आहे की पोहणारा माणूस आहे, हे नंतर ठरवता येते. तेथे जायचे नाही एवढे प्रथम कळले पाहिजे.

फरक आहे तो असा की कापड स्थिर असते आणि पाणी कधीच स्थिर नसते. लाटेचा फेस, ढगाचे प्रतिबिंब, उन्हाची चकाकी हे सगळे दोषासारखे दिसते. जो कॅमेरा प्रत्येक फेसाला अडथळा म्हणेल त्याची घंटा दिवसभर वाजत राहील आणि शेवटी कंटाळून कोणीतरी ती बंद करील. जो कॅमेरा फार उदार असेल तो खरा अडथळा फेस समजून सोडून देईल. कापडात अशी चूक झाली तर बट्टा द्यावा लागतो. पाण्यावर अशी चूक झाली तर माणसाचा जीव जातो.

अंतराचा हिशेब

थोडा हिशेब मांडू. समजा होडी ताशी १० सागरी मैलांच्या वेगाने चालली आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे ५ मीटर. १०० मीटरवरचा अडथळा दिसल्यावर हाती साधारण २० सेकंद राहतात. एवढ्यात ओळखायचे, ठरवायचे आणि वळायचे. पाठीमागून ओहोटीचा ओढा असेल तर वेळ आणखी कमी.

आता कॅमेरा पाहा. त्याच्या चित्रात आडव्या ओळीत १९२० ठिपके आहेत आणि तो ६० अंशांचा पट्टा पाहतो असे धरू. अर्ध्या मीटरची वस्तू १०० मीटरवर असेल तर चित्रात ती जेमतेम ९ ठिपक्यांची होते. ३०० मीटरवर फक्त ३ ठिपके. जाळ्याचा थर्माकोलचा बोया तर याहूनही लहान असतो. दूरचे पाहायचे तर चांगली काच आणि जास्त ठिपके लागतात. मग हिशेब करणारा संगणकही तितकाच ताकदीचा लागतो.

अंतर मोजणे ही आणखी एक कसोटी. कॅमेरा पाण्यापासून २ मीटर उंच असेल तर १०० मीटरवरची वस्तू क्षितिजाच्या खाली सव्वा अंशाहून थोडी कमी दिसते. या कोनावरून अंतर काढता येते. पण होडीचे नाक लाटेवर अर्धा अंश जरी वर-खाली झाले तरी तेच १०० मीटर एकदा ७० वाटतात आणि एकदा १७५. म्हणून होडीचा कल मोजणारे उपकरण जोडीला ठेवतात आणि क्षितिजाची रेषा सारखी तपासतात. काही ठिकाणी माणसाच्या दोन डोळ्यांसारखे दोन कॅमेरे लावून दोन चित्रांतील फरकावरून अंतर काढतात. जवळचे त्यात चांगले कळते, पण अंतर दुप्पट झाले की चूक चौपट होते.

इब्न अल-हैसम यांनी सांगून ठेवलेली गोष्ट

कॅमेऱ्याची मूळ कल्पना आपल्याला परकी नाही. बसऱ्यात ९६५ मध्ये जन्मलेले आणि पुढे कैरोत राहिलेले इब्न अल-हैसम यांनी ‘किताबुल मनाझिर’ या ग्रंथात दृष्टीचा विचार मांडला. त्या काळी अनेक विद्वान मानत की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला स्पर्श करतात. इब्न अल-हैसम यांनी दाखवून दिले की प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोगही त्यांनी केले.

त्यांची दुसरी गोष्ट आपल्या विषयाला अधिक लागू पडते. ते म्हणतात की पाहणे डोळ्यात पुरे होत नाही. वस्तू ओळखायची तर मनाला ती आधी पाहिलेल्या रूपाशी ताडून पाहावी लागते. ज्याचे रूप स्मरणात नाही ते दिसते, पण ओळखू येत नाही. आजचा संगणक हजार वर्षांनंतर याच नियमाने बांधला गेला आहे. त्याला हजारो चित्रे दाखवतात. प्रत्येक चित्रावर माणसाने आधी हाताने खुणा केलेल्या असतात : येथे पाणी, येथे आकाश, येथे अडथळा. या शिदोरीवर त्याची नजर तयार होते. ‘मेफ्लॉवर’च्या संगणकाला दहा लाखांहून अधिक सागरी चित्रे दाखवली, असे तो बनवणाऱ्या आयबीएम कंपनीने सांगितले होते.

ही चित्रे कोठली असतात? स्लोव्हेनिया या लहान युरोपीय देशातील संशोधकांनी कोपर बंदराच्या पाण्यात दोन वर्षे फिरून १३२५ चित्रे जमवली, प्रत्येकावर खुणा केल्या आणि २०१९ मध्ये सर्वांसाठी खुली केली. सिंगापूरच्या समुद्राचा असाच एक संग्रह २०१७ पासून आहे. २०२३ मध्ये सरोवरे, नद्या आणि समुद्र मिळून ४००० हून अधिक चित्रांचा आणखी मोठा संग्रह आला. जगातील शोधकर्ते आपली यंत्रे यांवर पारखतात. काम मोलाचे आहे, त्यात शंका नाही. पण कोपरचे पाणी ते कोपरचे आणि शास्त्रीचे पाणी ते शास्त्रीचे.

आपल्या खाडीचे वेगळेपण

पावसाळ्यात शास्त्रीचे पाणी तांबडे होते. पूर आला की झाडे, फांद्या, बांबू, गवताचे भारे वाहत येतात. भिजलेला ओंडका पाण्याच्या वर चार बोटे असतो आणि रंगाने पाण्यासारखाच असतो. निळ्या समुद्रावर शिकलेल्या यंत्राला तांबडे पाणी हीच जमीन वाटू शकते. मग ते जागचे हलणार नाही. किंवा उलट, ओंडकाच पाणी वाटेल.

जाळी बांधायला रोवलेले खुंट भरतीला बुडतात आणि ओहोटीला उघडे पडतात. सकाळी मोकळी असलेली वाट दुपारी बंद असते. बोये म्हणून कोणी थर्माकोल लावतो, कोणी प्लास्टिकचा रिकामा डबा. बाहेरच्या यंत्राला तो कचरा वाटेल. आपल्याला ठाऊक आहे की त्या डब्याखाली एका घराची रोजी टांगलेली आहे. जाळे पंख्यात अडकले तर होडी थांबते, जाळे फाटते, आणि नुकसान भरून कोणी द्यायचे यावर भांडण सुरू होते.

आपली नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. असरनंतर समुद्राकडे निघालेल्या होडीच्या तोंडावर सूर्य असतो आणि सारे पाणी चमकत असते. त्या चमकीत बसलेली होडी अनुभवी तांडेलालाही हाताचा आडोसा करून पाहावी लागते. रात्री उष्णता टिपणारा कॅमेरा माणसाचे शरीर चांगले दाखवतो, कारण ते पाण्याहून गरम असते. भिजलेला ओंडका आणि बोया यांची उष्णता मात्र पाण्याइतकीच असते, म्हणून ते त्यात पुसट होतात. काचेवर खाऱ्या पाण्याचा थर बसतो तो वेगळाच. तो पुसायला होडीवर माणूस नसतो.

या सगळ्याचा अर्थ विद्या निरुपयोगी आहे असा नाही. अर्थ एवढाच की या खाडीत चालायचे असेल तर या खाडीची चित्रे तिला दाखवावी लागतील. ती दाखवली नाहीत तर चूक यंत्राची होईल आणि किंमत लहान होडीतला माणूस मोजील. मोठ्या जहाजाचे काही बिघडणार नाही.

डोळा आणि हात

आणखी एक सावधगिरी. दिसणे म्हणजे थांबता येणे नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि तेराहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. नौदलाच्या निवेदनानुसार त्या नौकेच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला. दिवसाउजेडी एवढी मोठी बोट समोर होती. म्हणजे डोळा उत्तम असूनही हात चालला नाही तर काय होते, याचे हे दुःखद उदाहरण आहे. बिनतांडेलाच्या होडीची परीक्षा घेताना कॅमेऱ्याइतकीच इंजिन बंद करण्याच्या व्यवस्थेची परीक्षा घेतली पाहिजे.

कायद्याची बाजूही पाहावी. समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे आहेत. त्यांतील पाचवा नियम प्रत्येक नौकेला डोळ्यांनी, कानांनी आणि उपलब्ध सर्व साधनांनी सतत पहारा ठेवण्यास सांगतो. तो लिहिला तेव्हा डोळे आणि कान माणसाचेच होते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२१ मध्ये पूर्ण केलेल्या अभ्यासात स्वयंचलनाच्या चार पायऱ्या मानल्या आहेत. पहिलीत माणूस होडीवर असतो आणि यंत्र त्याला मदत करते. दुसरीत होडी दुरून चालवतात, पण खलाशी तिच्यावर असतात. तिसरीत दुरूनच चालवतात आणि होडीवर कोणी नसते. चौथीत निर्णय यंत्रच घेते. आपल्यासारख्या खाडीला तूर्त पहिली पायरीच योग्य आहे. तांडेल सुकाणूवर राहावा आणि कॅमेऱ्याने त्याला सावध करावे.

व्यापाऱ्यांनी काय करावे?

पहिले काम, मागणी योग्य ठिकाणी ओळखावी. जयगड-तवसाळ फेरीबोट रोज माणसे आणि गाड्या खाडीपलीकडे नेते. अशा बोटींवर आणि मासेमारीच्या मोठ्या होड्यांवर तांडेलाला मदत करणारा कॅमेरा ही पुढील काळातील गरज ठरू शकते. नदीचा गाळ मोजण्याचे कामही आहे. आयआयटी मद्रासच्या बंदरविषयक केंद्राने २०२१ मध्ये पाण्याची खोली मोजणारी, सौरशक्तीवर चालणारी मानवरहित नौका तयार केली होती. ९१ क्रमांकाच्या जलमार्गाचे भवितव्य गाळावर अवलंबून आहे. तो वारंवार मोजायचा तर अशा लहान नौका उपयोगी पडतील.

दुसरे काम, विकणारा दारात आला तर तागा उलगडून पाहतो तसे प्रश्न विचारावेत. तुमच्या यंत्राला कोणत्या पाण्याची चित्रे दाखवली आहेत? चाचणीत किती अडथळे सुटले आणि किती वेळा खोटी घंटा वाजली? ती चाचणी उन्हात झाली की पावसात, भरतीला की ओहोटीला? कॅमेरा आंधळा झाला तर होडी आपोआप थांबते की चालतच राहते? काच कोण साफ करणार, दुरुस्ती रत्नागिरीत होते की पुण्याला पाठवावी लागते? आणि जाळे फाटले किंवा होडीला धक्का लागला तर विमा कोणाच्या नावाचा? उत्तरे तोंडी घेऊ नयेत, कागदावर घ्यावीत.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. खाडीची चित्रे हा उद्याचा माल आहे. आपल्या होड्यांवर साधा कॅमेरा लावून बाराही महिन्यांची, भरती-ओहोटीची, पुराची, संध्याकाळच्या चमकीची चित्रे जमवता येतात. त्यांवर खुणा करण्याचे काम संगणक शिकलेली आपली मुले-मुली संगमेश्वरात घरी बसून करू शकतील. अट एकच, त्यांच्या शेजारी जुना तांडेल बसलेला हवा. चित्रातील कोणता डबा कचरा आणि कोणता बोया, कोणत्या पाण्याखाली खडक आहे, हे त्यालाच सांगता येईल. रत्नागिरीला शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामच्या साबू सिद्दीक अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्था आहेत. तेथील मुलांनी आपला प्रकल्प म्हणून हा विषय घ्यावा आणि गावातील जमातीने व व्यापाऱ्यांनी होडी, डिझेल आणि तांडेलाची मजुरी यांचा भार उचलावा.

यात एक गोष्ट लक्षात ठेवावी. तांडेलाचा तजुर्बा ही त्याची मिळकत आहे. बाहेरच्या कंपनीने येऊन ती फुकट उचलून न्यावी आणि पुढे त्याच विद्येने त्याला होडीवरून उतरवावे, हा सौदा न्यायाचा नाही. चित्रे कोणाची, मोबदला किती, पुढे वापर कशासाठी, हे आधी ठरवावे. मासेमारी सोसायटीच्या नावाने लेखी करार करावा. मापात आणि तोलात प्रामाणिक राहण्याची जी ताकीद आपल्या दीनने व्यापाऱ्याला दिली आहे ती येथेही लागू आहे.

कोकणी मुसलमानांच्या कित्येक पिढ्या खलाशी म्हणून जगभरच्या जहाजांवर राबल्या. पाणी वाचण्याचा हुनर त्यांच्या घरांत अजून आहे, पण तो म्हाताऱ्या डोळ्यांत आहे आणि दरवर्षी त्यातला काही भाग कबरस्तानात जातो. तवक्कुल म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे. बिनतांडेलाची होडी शास्त्रीत केव्हा येईल ते आपल्या हाती नाही. ती येईल तेव्हा आपल्या लहान होडीला ओळखूनच आली पाहिजे, आणि त्याची तयारी आपल्या हाती आहे. येत्या पावसाळ्यापासून निदान एका होडीवर एक कॅमेरा लागला तरी सुरुवात झाली असे समजावे.